मधुमेहाचे शिक्षण: घरच्यांना सोबत का आणि कसे घ्यावे?

मधुमेहाचा रुग्ण साधारणपणे तीन महिन्यांनी एकदा डॉक्टरांकडे येतो. प्रत्येक भेट पंधरा मिनिटांची धरली, तर वर्षभरात डॉक्टर आणि रुग्ण जेमतेम एक तास समोरासमोर असतात. वर्षाचे उरलेले ८,७५९ तास मधुमेह घरीच असतो. त्या तासांत काय खायचे, गोळी कधी घ्यायची, चक्कर आली तर काय करायचे हे निर्णय रुग्ण एकटा क्वचितच घेतो. भाजीत तेल किती पडणार हे फोडणी देणाऱ्याच्या हातात असते. रात्री दोन वाजता रुग्ण घामाने भिजला, तर ते शेजारी झोपलेल्या माणसाला आधी कळते.

तरीही मधुमेहाची माहिती द्यायची वेळ आली की ती बहुधा एकट्या रुग्णालाच दिली जाते. 'डॉन-२' नावाचे एक मोठे सर्वेक्षण २०१३ साली प्रसिद्ध झाले. ते भारतासह १७ देशांत झाले होते. त्यात मधुमेहाचे काही ना काही शिक्षण मिळालेले रुग्ण जवळजवळ निम्मे निघाले, पण असे शिक्षण मिळालेले कुटुंबीय चौथ्या हिश्श्याहूनही थोडे कमीच होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांपैकी बहुतेकांच्या घरात स्वयंपाक करणारे, औषधे आणणारे, सोबत राहणारे कोणीतरी असते, आणि त्या व्यक्तीला सहसा कोणी काही शिकवलेले नसते.

हा लेख रुग्णासाठी आहे आणि त्याच्या घरच्यांसाठीही. घरात एकाने मोठ्याने वाचून दाखवला तरी चालेल.

मधुमेहाचे शिक्षण म्हणजे नेमके काय?

"गोड खाऊ नका, चालायला जा" हा सल्ला झाला, शिक्षण नव्हे. शिक्षणात रुग्ण काही गोष्टी प्रत्यक्ष करायला शिकतो: काय आणि किती खावे, व्यायाम कसा वाढवावा, औषधे व इन्सुलिन बरोबर कसे घ्यावे, साखर कधी मोजावी आणि आलेल्या आकड्याचे काय करावे, पाय-डोळे-मूत्रपिंड यांची काळजी कशी घ्यावी, अडचण आली तर मार्ग कसा काढावा, आणि या सगळ्याचा मनावर येणारा ताण कसा हाताळावा. असे शिक्षण मिळालेल्या रुग्णांची एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) न मिळालेल्यांपेक्षा साधारण अर्ध्या टक्क्याने अधिक उतरते, असे अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर दिसते. काही गोळ्यांचा परिणामही जवळपास एवढाच असतो.

हे शिक्षण एकदा घेऊन संपत नाही. ते चार वेळी आवर्जून घ्यावे: निदान झाल्यावर लगेच, त्यानंतर दरवर्षी किंवा साखर आटोक्यात येत नसेल तेव्हा, एखादी गुंतागुंत उद्भवल्यावर, आणि आयुष्यात मोठा बदल झाल्यावर. हा बदल निवृत्तीचा असेल, जोडीदाराच्या निधनाचा असेल, मुलाकडे शहरात राहायला जाण्याचा असेल किंवा इन्सुलिन सुरू होण्याचा. या चारही वेळी घरातली एक व्यक्ती सोबत असावी. शेवटच्या प्रकारात तर नक्कीच, कारण घर बदलले की स्वयंपाक करणारे हातही बदलतात.

सोबत कोणाला न्यावे?

दवाखान्यात रुग्णासोबत बहुतेक वेळा ज्याच्याकडे गाडी आहे किंवा ज्याला सुट्टी मिळते तो येतो. तो सगळे नीट ऐकतो, मान डोलावतो, रुग्णाला घरी सोडतो आणि कामावर जातो. स्वयंपाकघरापर्यंत फक्त "डॉक्टरांनी भात बंद सांगितलाय" एवढेच पोचते, आणि तेही बहुधा चुकीचे असते.

निवड करताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. घरात स्वयंपाक कोण करते? रात्री एका खोलीत कोण असते? औषधे कोण आणते आणि संपत आली हे कोणाच्या लक्षात येते? तिन्हींचे उत्तर एकच व्यक्ती असेल तर तिला न्या. वेगवेगळ्या असतील तर आळीपाळीने न्या. आहारतज्ज्ञांच्या भेटीला स्वयंपाक करणारी व्यक्ती हवीच. पोळ्या करायला बाई येत असतील, तर पोळीचा आकार आणि तेल याबद्दल त्यांच्याशी कोण बोलणार हेही ठरवा.

रुग्ण हीच घरातली स्वयंपाक करणारी बाई असेल, तर प्रश्न उलटा होतो आणि तो अधिक अवघड असतो. ती सकाळची गोळी वेळेवर घेते, पण सगळ्यांचे डबे, सासऱ्यांचे जेवण, मुलांची शाळा उरकून तिचे ताट वाढले जाते तेव्हा दोन-अडीच वाजलेले असतात. त्यात तिच्या वाट्याला भाजी कमी आणि उरलेला भात जास्त येतो. गोळी आणि जेवण यांच्यात एवढे अंतर पडले की साखर आधी घसरते आणि मग एकदम चढते. अशा घरात शिकवण्याची गरज तिच्यापेक्षा नवऱ्याला, मुलांना आणि सासूबाईंना अधिक असते. तिचे ताट ठरलेल्या वेळी वाढायचे, तिच्यासाठी भाजी आधीच बाजूला काढून ठेवायची, आणि ती चाळीस मिनिटे चालायला जाते तेव्हा कुकर दुसऱ्याने लावायचा. बायकांना "तुम्ही व्यायाम का करत नाही?" असे विचारण्याआधी ती वेळ घरातले कोण मोकळी करून देणार, हे विचारायला हवे.

स्वयंपाकघरात काय शिकायचे?

पहिली गोष्ट म्हणजे रुग्णासाठी वेगळा स्वयंपाक करू नये. वेगळा स्वयंपाक पंधरा दिवस होतो, मग करणाऱ्याला कंटाळा येतो आणि खाणाऱ्याला आपण पंगतीबाहेर बसल्यासारखे वाटते. मधुमेहाचे ताट हे घरातल्या सगळ्यांनी खावे असेच ताट आहे. अर्धे ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ, उसळ, अंडे किंवा मासे, आणि उरलेला पाव भाग पोळी, भाकरी किंवा भात. आपल्या नेहमीच्या ताटात हे प्रमाण उलटे असते. तीन पोळ्या, वर भात, पातळ वरण आणि डावभर भाजी. वरण घट्ट करणे, मूग-मटकी-चवळीची उसळ आठवड्यातून चार-पाच वेळा करणे आणि कोशिंबीर नुसती चवीपुरती न वाढणे, एवढ्या तीन बदलांनीही फरक पडतो.

दुसरी गोष्ट मापाची. मध्यम आकाराच्या एका पोळीत साधारण १५ ते २० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, तर वाटीभर शिजलेल्या भातात साधारण ३०. म्हणून भात बंद करायची गरज नाही, पण दोन पोळ्यांवर वाटीभर भात घ्यायचा की एक पोळी कमी करायची, हे ठरवावे लागते. चहाचाही हिशोब करा. कपाला दोन सपाट चमचे साखर आणि दिवसाला चार कप म्हटले, तर रोज ३० ग्रॅमहून अधिक साखर नुसत्या चहातून जाते. तेल महिन्याला माणशी अर्धा लिटर धरावे. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर कुठे जाते ते शोधा.

काही गैरसमज स्वयंपाक करणाऱ्यांमध्ये पक्के असतात. भाकरी कितीही चालते, हा त्यांतला पहिला. ज्वारी, बाजरी, नाचणीत तंतू अधिक असतात, त्या चांगल्याच आहेत. पण त्यांतही पिष्ट भरपूर असते आणि दोन मोठ्या भाकऱ्यांनी साखर वाढतेच. नाचणीचे सत्त्व तर फारच लवकर शोषले जाते. गूळ साखरेइतकाच साखर वाढवतो. 'शुगर फ्री' लिहिलेल्या बिस्किटांत मैदा असतोच. कारल्याचा रस प्यायल्यावर गोळी सोडता येत नाही. आणि उपासाची साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणारी गोळी घेणाऱ्या माणसाने दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी खिचडीवर उपास सोडला, तर एकाच दिवशी साखर आधी फार कमी आणि मग फार जास्त होते. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र यांपैकी काय करायचे असेल ते आधी डॉक्टरांशी बोला. औषधांची मात्रा बदलून अनेकांना उपास करता येतो. न सांगता केलेला उपास मात्र धोक्याचा असतो.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात उपयोगी आहे, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. साखर स्वयंपाक करणाऱ्यासोबत बसून मोजा. घरी ग्लुकोमीटर असेल तर एखाद्या रविवारी नाश्त्याआधी मोजा, पोहे खा, आणि पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा मोजा. पुढच्या रविवारी तेवढ्याच पोह्यांत मूठभर मटार, गाजर आणि सोबत उकडलेले अंडे किंवा मोड आलेले मूग घ्या, पोहे तेवढे निम्मे करा, आणि तसेच मोजा. दोन आकडे वहीत शेजारीशेजारी लिहिले की वेगळ्या भाषणाची गरज उरत नाही. बहुतेक प्रौढ रुग्णांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत, अशी अपेक्षा असते. वृद्ध किंवा इतर आजार असलेल्या रुग्णांसाठी डॉक्टर ही मर्यादा सैल ठेवतात. घरच्या यंत्रात थोडा फरक येतो, म्हणून १४२ आणि १५० यांत भेद शोधत बसू नये.

साखर कमी झाली तर: हे घरच्यांनाच शिकावे लागते

वाढलेली साखर सहसा दिवस-महिने घेऊन नुकसान करते. कमी झालेली साखर मिनिटांत करते. मेंदूला ग्लुकोज कमी पडले की रुग्णाची विचारशक्तीच मंदावते, त्यामुळे आपल्याला काय होते आहे हे त्याला कळेलच असे नाही. म्हणून हा भाग एकट्या रुग्णाला शिकवून उपयोग नाही.

साखर ७० च्या खाली गेली की ती कमी समजावी. ५४ च्या खाली गेली तर गंभीर. सुरुवातीला हात थरथरतात, घाम सुटतो, छातीत धडधडते, खूप भूक लागते. नंतर चिडचिड, बडबड, गोंधळ, बोबडे बोलणे, झापड. कधीही न रागावणारे बाबा दुपारी एक वाजता उगाच कोणावर तरी खेकसले, तर आधी त्यांची साखर बघा. रात्री उशी घामाने भिजणे, झोपेत ओरडणे, सकाळी डोके जड असणे ही रात्री साखर घसरल्याची चिन्हे असू शकतात. फार वर्षांचा मधुमेह असलेल्यांना, तसेच रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना थरथर-धडधड जाणवतच नाही, थेट गोंधळच सुरू होतो. वृद्धांमध्ये हे चित्र अर्धांगवायूसारखे दिसू शकते.

हा धोका इन्सुलिनने आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्यांनी असतो. नुसत्या मेटफॉर्मिनने तो क्वचितच होतो. आपल्या घरातल्या गोळ्यांत यांपैकी काही आहे का, हे पुढच्या भेटीत नावानिशी विचारून घ्या.

रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्धा पेला पाण्यात विरघळवून लगेच द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. ७० च्या वर गेली नसेल तर तेवढेच पुन्हा द्या. साखर वर आली की जेवण द्या. जेवणाला वेळ असेल तर पोळी-भाजी, दूध असे काही द्या. पेढा, लाडू, चॉकलेट यांतले तूप-मेद साखर शोषायला उशीर लावतात, म्हणून ते अशा वेळी कामाचे नाहीत. यंत्र जवळ नसेल तर मोजण्यासाठी थांबू नका, कमीच आहे असे धरून साखर द्या.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. रुग्ण व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी घेत असेल (आपल्याकडे व्होग्लिबोज बऱ्याच मिश्र गोळ्यांत असते), तर घरातली साधी साखर पटकन काम करत नाही, कारण तिचे ग्लुकोजमध्ये रूपांतर ही गोळी अडवते. अशा घरात ग्लुकोज पावडरचाच डबा हवा.

रुग्ण बेशुद्ध असेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. पाणी नाही, साखर नाही, मध नाही. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. मधुमेहाचा रुग्ण कोसळला म्हणून इन्सुलिन टोचणे ही तर जीवघेणी चूक ठरेल. ज्यांची साखर वारंवार घसरते त्यांनी घरी ग्लुकागॉनचे इंजेक्शन ठेवावे का, हे डॉक्टरांना विचारा आणि ठेवायचे ठरले तर घरातल्या दोघांनी ते द्यायला शिकून घ्या. वर सांगितलेल्या गोळ्यांमुळे साखर घसरली असेल, विशेषतः मूत्रपिंड अशक्त असेल, तर शुद्धीवर आल्यावरही रुग्णालयात जा. त्या गोळ्यांचा असर बराच वेळ टिकतो आणि साखर काही तासांनी पुन्हा घसरू शकते.

इन्सुलिनची बाटली, सिरिंज आणि फ्रीज

औषध आणणाऱ्या व्यक्तीने एक गोष्ट पाठ करावी. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतेत मिळते. बाटलीतले बहुतेक दर मिलिलिटरला ४० युनिटचे असते, पेनमधले सहसा १०० युनिटचे. काही बाटल्याही १०० युनिटच्या असतात. ४० साठीच्या सिरिंजचे टोपण लाल असते, १०० साठीच्या सिरिंजचे नारिंगी. १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरले, तर शरीरात २० ऐवजी ५० युनिट जातील. उलट केले तर २० ऐवजी ८ जातील. दुकानदाराने "हीच आहे, चालेल" म्हटले तरी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा घरी आल्यावर जुळवून पाहा. पेनच्या काडतुसातून सिरिंजने इन्सुलिन काढू नका.

न उघडलेले इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ अंश तापमानात ठेवावे, दाराच्या कप्प्यात चालते. बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरायचे नाही. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात टिकते, पण विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात खोलीचे तापमान म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. फ्रीज नसेल किंवा वीज जात असेल तर मातीच्या ओल्या मडक्यात छोटे भांडे ठेवून त्यात बाटली ठेवा. पाणी बाटलीला लागू देऊ नका.

इन्सुलिनची जागा रोज बदलली नाही तर तिथे गाठी होतात आणि त्या जागी टोचलेले इन्सुलिन नीट शोषले जात नाही. पोटावर हात फिरवून गाठ शोधणे हे काम जोडीदाराला सहज जमते. तळपायांचेही तसेच. वाकून स्वतःचा तळवा पाहणे अनेक ज्येष्ठांना जमत नाही आणि बधिर पायाला जखम झालेली कळत नाही. आठवड्यातून दोनदा नातवंडांपैकी कोणी आजोबांचे तळवे, बोटांच्या बेचक्या आणि टाचांच्या भेगा पाहिल्या तरी पुष्कळ झाले. वारीला किंवा देवळात जाताना तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नये, हेही सोबतच्या माणसानेच आठवण करून द्यायचे असते.

मदत आणि पाळत यांतला फरक

आता थोडे घरच्यांशी. माहिती मिळाली की काही घरांत एक नवाच त्रास सुरू होतो. "परत घेतलास भात?" "अहो, पाहुण्यांसमोर तरी हात आवरा." "आई, तुझी साखर तुझ्यामुळेच वाढते." बोलणाऱ्याला काळजी असते, ऐकणाऱ्याला अपमान वाटतो. मग रुग्ण लपवायला लागतो. ऑफिसातून येताना वाटेत वडापाव खातो, आकडा विचारला की कमी सांगतो, तपासणीच्या आधीचे तीन दिवस कडक पथ्य करतो.

टाइप २ मधुमेहाच्या प्रौढ रुग्णांचा एक अभ्यास २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. घरचे लोक टोचून बोलतात, वाद घालतात किंवा पथ्य मोडायला लावतात असे ज्या रुग्णांना वाटत होते, ते औषधे कमी नियमितपणे घेत होते आणि अशा अनियमित रुग्णांची साखरही अधिक बिघडलेली होती. त्यातली दुसरी नोंद मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्या घरच्यांना मधुमेहाची माहिती अधिक होती ते मदत जास्त करत होते, पण त्यांचे टोचणे-अडवणे त्यामुळे कमी झालेले नव्हते. म्हणून कसे बोलायचे हेही शिकावेच लागते.

सोपी कसोटी अशी: तुमच्या वाक्याने रुग्णाचे काम हलके होते का? "गोळी घेतलीस का?" या रोजच्या प्रश्नाने होत नाही. "रविवारी आठवड्याच्या गोळ्यांची डबी मी भरून ठेवू का?" याने होते. "चालायला जा" यापेक्षा चप्पल घालून "चला, मीही येतो" म्हणणे बरे. लग्नात ताटाकडे डोळे वटारण्यापेक्षा जिलबीतली निम्मी आपण घ्यावी. साखर जास्त आली तर "काय खाल्लेस?" असे विचारण्याऐवजी "काल काही वेगळे झाले का?" असे विचारा. जागरण, ताप, ताण, चुकलेली गोळी, गाठीत टोचलेले इन्सुलिन अशी कितीतरी कारणे असतात. आणि घरात आमरसाचे पातेले भरून ठेवून एकट्या बाबांना "तुम्हाला नाही हं" म्हणणे यात पथ्य कमी आणि शिक्षा जास्त आहे. जेवणातली एक पोळी कमी करून त्यांनाही छोटी वाटी द्या.

रुग्णाने आपल्या बाजूने एक करावे. कोणती मदत हवी आणि कोणती नको हे स्पष्ट सांगावे. "साखर मी मोजीन, आकडा रोज विचारू नका, रविवारी वही दाखवीन, पण मला घाम आला किंवा मी वेड्यासारखा बोललो, तर माझे न ऐकता साखर द्या," एवढे शांत वेळी ठरवून ठेवले की भांडणे बरीच कमी होतात.

मुलांचा मधुमेह

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाचे शिक्षण म्हणजे आधी आईवडिलांचेच शिक्षण. दोघांनीही इन्सुलिन द्यायला शिकावे. एकट्या आईवर सगळे पडले की वर्ष-दोन वर्षांत ती थकून जाते. आजी-आजोबांनाही समोर बसवून सांगा, कारण "एवढ्याशा पोराला सुया टोचता" म्हणून ते इन्सुलिन चुकवतात किंवा लाडाने गुपचूप लाडू देतात. वर्गशिक्षकांना कमी साखरेची लक्षणे लिहून द्या आणि दप्तरात ग्लुकोज ठेवा. मूल आजारी आहे, खात नाही, उलट्या होत आहेत म्हणून इन्सुलिन बंद करू नका. पोटदुखी, उलट्या, खोल वेगवान श्वास, श्वासाला फळासारखा वास ही लक्षणे दिसली तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

बारा-तेरा वर्षांचे मूल स्वतः टोचून घेऊ लागले की पालक सुटकेचा श्वास सोडतात आणि लक्ष काढून घेतात. याच वयात साखर सगळ्यात जास्त बिघडते. टोचणे त्याचे, पण आकड्यांवर बोलणे दोघांचे, असे निदान कॉलेजपर्यंत चालू ठेवावे.

दूर राहणारी मुले, एकटे राहणारे पालक

मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात आणि आईवडील गावी, अशी घरे आता पुष्कळ आहेत. आकड्यांचा फोटो मोबाइलवर मागवणे ठीक, पण रोजच्या फोनवर साखर हा एकच विषय होऊ देऊ नका. डॉक्टरांच्या भेटीच्या वेळी व्हिडिओ कॉलवर हजर राहता येते का ते विचारा. रात्री दार उघडू शकेल अशा शेजाऱ्याकडे घराची किल्ली, औषधांची यादी आणि कमी साखरेत काय करायचे याचा कागद असावा. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची साखर फार कडक ठेवण्यात धोका अधिक असतो, तेव्हा मुलांनी "आकडा अजून खाली का नाही?" असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नये.

रुग्णाला घरी सांगायचे नसेल तर?

असे रुग्ण असतात, विशेषतः लग्नाच्या वयाच्या मुली आणि नव्याने सासरी आलेल्या सुना. इन्सुलिन न्हाणीघरात लपवून घेतले जाते आणि पाहुणे असले की चुकते. कोणाला सांगायचे हा अधिकार रुग्णाचाच आहे. डॉक्टरही त्याच्या संमतीशिवाय नातेवाइकांना सांगत नाहीत. पण इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीच्या आसपास निदान एका माणसाला तरी माहीत असायलाच हवे. नवरा, नणंद, मैत्रीण, कोणीही चालेल. सांगणे अवघड वाटत असेल तर त्या व्यक्तीला दवाखान्यात सोबत घेऊन या, सुरुवात डॉक्टर करतील. घरातून दबाव, टोमणे किंवा औषध बंद करण्याची सक्ती होत असेल, तर ते डॉक्टरांना एकट्याने भेटून सांगा.

घरच्यांची स्वतःची तपासणी

सोबत आलेल्या नातेवाइकाने आपलीही तपासणी करून घ्यावी. आई किंवा वडील यांपैकी एकाला टाइप २ मधुमेह असेल तर मुलांना आयुष्यात तो होण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते, दोघांना असेल तर सुमारे ७०. चेन्नईत तयार झालेली भारतीय मधुमेह जोखीम गुणपद्धती वय, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह या चार गोष्टींवर १०० पैकी गुण देते. ६० किंवा अधिक आले तर धोका जास्त. पस्तिशी ओलांडलेला, बैठे काम करणारा, घेर ९० सेंटिमीटरच्या पुढे गेलेला मुलगा बहुधा तिथे पोचलेलाच असतो. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रातही ही तपासणी होते.

ती घरच्या ग्लुकोमीटरवर करू नका. निदानासाठी प्रयोगशाळेतच रक्त द्यावे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा अधिक आली तर मधुमेह असू शकतो. लक्षणे नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात. उपाशीपोटी १०० ते १२५ ही मधुमेहपूर्व अवस्था. आणि वडिलांच्या यंत्राची सुई गंमत म्हणून घरभर फिरवू नका, तिच्यातून कावीळ बी सारखे आजार पसरू शकतात.